अडीच-टनीचं पेडल

“मग हे काय आहे? सरबत?”

ओलेटाने बरणी टेबलावर आपटली तशी माझी अंड्यांची परात हलली. बरणी लोणच्याची होती, घासून कोरडी केलेली. तळाशी दोन थर होते. वरचा जांभळा, खालचा मधासारखा पिवळा. रात्रभर एका बरणीत राहूनही एकमेकांना शिवले नव्हते.

“ब्रेकचं तेल आहे,” वर्लिन म्हणाला. “आणि ते उपसायला तू टर्कीवर रस सोडायची पिचकारी घेतलीस का, ते आधी सांग.”

“घेतली. नोव्हेंबरात सणाला तीच धुऊन तुझ्या टर्कीवर धरीन. जांभळं सैन्याचं. पिवळं कुणाचं?”

“ओलेटा, उद्या डेकोरेशन आहे. घरात शंभर कामं पडलीयत.”

“पिवळं कुणाचं, वर्लिन?”

माझा भाऊ अशा वेळी खिडकीबाहेर बघतो. लहानपणी आईने विचारलं की तेव्हाही तो असाच बघायचा. बाहेर आमचा चुलतभाऊ आर्लिस अडीच-टनी ट्रकच्या मागच्या हौद्यात बाकं उघडून ठोकून बसवत होता. लष्करी हिरवा रंग, मागच्या चार चाकांना जोडटायर धरून दहा टायर, पुढे नांगरासारखा बंपर. शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी त्या बाकांवर आमचं निम्मं खानदान बसणार होतं.

“तेल कमी झालं होतं,” तो शेवटी म्हणाला. “गावातल्या दुकानातून डबा आणला आणि भरलं. तेल ते तेल.”

“तेल ते तेल.” ओलेटा माझ्याकडे वळली. “ऐकलंस, मॉडी? तुझ्या केकमध्ये उद्या केरोसीन घाल. तेल ते तेल.”

मी अंडी सोलत राहिले. नवरा-बायकोच्या भांडणात नणंदेने तोंड उघडू नये, एवढं मी या घरात शिकले आहे. पण राग मलाही आला होता, आणि तो वहिनीचा नव्हता.

आमच्याकडे मेच्या शेवटच्या रविवारी डेकोरेशन असतं. माणसं कुठेकुठे गेली असली, कॅन्सस सिटीला, टल्साला, तरी त्या दिवशी परत येतात. कबरींवरचं गवत कापायचं, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पिओनीची फुलं ठेवायची, मग झाडांखाली चादरी अंथरून जेवायचं. आमच्या लोकांची दफनभूमी ओढ्यापलीकडच्या डोंगरावर आहे. ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे. तिच्यावरून पाणी वाहत असतं. पुढे लाकूडतोड्यांनी पाडलेली वाट, उभी आणि दगडगोट्यांची. पूर्वी खेचरांची गाडी जायची. खेचरं गेली तेव्हा माणसं चालू लागली, आणि म्हातारी माणसं खालीच राहू लागली.

मग वर्लिनने अडीच-टनी आणला. त्या काळात सैन्य जुने ट्रक लिलावात काढत होतं आणि आमच्या ओझार्कच्या डोंगरात ज्याच्याकडे म्हणून कोठार होतं त्याला एक हवाच होता. आणला त्या दिवशी वर्लिनने सगळ्यांना अंगणात उभं करून ट्रकची कुंडली वाचली. हमरस्त्यावर पाच टन ओझं, रानात अडीच. अडीच फूट पाण्यातून जसाच्या तसा, जादा सामान बसवलं तर सहा फुटांतूनही. डिझेल पाजा, केरोसीन पाजा, गाळून घेतलेलं जुनं इंजिन ऑइल पाजा, कुरकुर करणार नाही. सहाही चाकांना ओढ. भिंतीसारखा चढ चढेल. त्यानंतरही जो कोणी घरी आला, मग तो पाद्री असो की वीजबिलवाला, त्याला ही कुंडली ऐकावी लागली. चढायचे, ओढायचे, पोहायचे आकडे माझ्या भावाला तोंडपाठ होते. थांबायचा एकही नव्हता.

थांबायचं ओलेटाला माहीत होतं. ती शाळेची बस चालवते. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची नवरी होती आणि आमच्या बापाच्या गवताच्या ट्रकखाली पालथी पडून त्याचा क्लच बघत होती, लग्नाचे पाहुणे अजून जेवत असताना. तिचा बाप ओंडके वाहायचा. मुलगा नव्हता, म्हणून पाना तिच्या हातात द्यायचा. पुढे आमच्या खोऱ्यातली पोरं ती पिवळ्या बसमधून नेऊ लागली. आज त्यांची पोरं नेते. रोज पहाटे, थंडी असो नाहीतर पाऊस, ती आधी ब्रेक दाबून बघते, मग बसला फेरी मारते, मग पुन्हा ब्रेक दाबते. दुसरे ड्रायव्हर तिला हसतात. स्वतःची पोरं बसवायची वेळ आली की मात्र ते तिचीच बस शोधतात.

अडीच-टनीचं जाडजूड पुस्तक वर्लिनने कधी उघडलं नाही. ओलेटाने ते शाळा सुटायची वाट बघत बसमध्ये बसून वाचलं, काही पानं दोनदा. तिला तो ट्रक आवडायचा, हे लोकांना खरं वाटत नाही. ज्या हिवाळ्यात बर्फाने विजेचे खांब पाडले आणि सगळं खोरं अंधारात बसलं, तेव्हा साखळ्या बांधून घरोघर केरोसीन आणि दूध पोचवणारी ओलेटा होती. वर्लिनला तेव्हा फ्लू झाला होता. तालुक्याच्या वर्तमानपत्रात फोटो मात्र बंपरला टेकलेल्या वर्लिनचा आला. कात्रण अजून आमच्या फ्रिजवर आहे. फ्रिजचं दार ओलेटा तेव्हापासून जरा जोरातच लावते.

“मी सांगते तुला काय केलंयस,” ती आता म्हणत होती. “सैन्याचं जांभळं आणि दुकानातलं पिवळं एकत्र राहत नाहीत. आतलं रबर पिवळ्याने फुगतं, गाळ धरतो, रबर दाब धरायचं सोडतं. माझ्या बसला ब्रेकच्या दोन नळ्या आहेत. एक गेली तर दुसरी थांबवते. तुझ्या या रणगाड्याला दहा टायर, सहा ड्रम आणि सगळ्यांत मिळून एक नळी. एक. एका जागी गेलं की सगळीकडे गेलं.”

“सैन्याने तीस वर्षं चालवला!”

“सैन्याकडे पोरं होती, वर्लिन. एक गेलं की दुसरं मिळायचं. माझ्याकडे मोजकी आहेत.”

दारातून आर्लिस आत डोकावला. हातात हातोडा, तोंडात खिळे.

“जेवण कधी आहे?”

“तुझ्या मावसबहिणीच्या लग्नात,” ओलेटा म्हणाली. “बाहेर थांब.”

“हो बाई.”

वर्लिनने टोपी डोक्यावर दाबली. “चल. बाहेर चल. सगळेच चला. तो थांबतो की नाही हे मी दाखवतो, म्हणजे एकदाचं मिटेल.”

आम्ही ओसरीवर आलो. ओलेटाची आई, डेल्फिया आजी, झोपाळ्यावर बसून पिओनीचे देठ कापत होती. नव्वदीला टेकलेली, सुतळीसारखी म्हातारी. तिचा नवरा वर डोंगरावर आहे. दर वर्षी दोन पुरुष तिला उचलून ट्रकच्या पुढच्या सीटवर, दोन उशांवर बसवतात, आणि ती राणीसारखी वर जाते. वर्षातून तेवढा एकच दिवस ती लिपस्टिक लावते.

“भांडण झालं का?” तिने विचारलं.

“चाललंय, आजी,” मी म्हटलं.

“मग मला चष्मा दे.”

अडीच-टनीला किल्ली नसते. खटका फिरवायचा, बटण दाबायचं. इंजिन गुरगुरून सुरू झालं आणि हवेचा दाब चढेपर्यंत भोंगा किंचाळत राहिला. कोंबड्या पळाल्या. भोंगा थांबताच वर्लिन अंगणातून फाटकाकडे निघाला, वेग घेतला आणि करकचून ब्रेक मारला. खडी उडाली, ट्रक नाक खुपसून उभा. पुन्हा मागे आला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो ओलेटापासून दोन हातांवर थांबला. ती जागची हलली नाही.

आर्लिसने शिट्टी वाजवली. “आता बोल, वहिनी! उंदरावर झेपावलेलं मांजर थांबणार नाही असा थांबला!”

“थांबला की नाही?” वर्लिन वरून ओरडला. “तीनदा थांबला! बस चालवून चालवून तुला सगळं जग पिवळंच दिसायला लागलंय.”

“खाली उतर. इंजिन चालू ठेव. आर्लिस, तू वर बस.”

“मी? मी काय केलंय?”

“काही नाही केलंस, म्हणून तू. बस. पेडल दाब. जोर लाव आणि सोडू नकोस. मी सांगेपर्यंत पाय उचललास तर उद्या तुला कोंबडीची फक्त मान मिळेल.”

आर्लिस बसला. ओलेटा फूटबोर्डवर चढली आणि चर्चमधलं एक जुनं भजन गाऊ लागली, आमच्या चर्चमध्ये म्हणतात त्याच संथ चालीत. तिचा आवाज चांगला नाही. पण बसच्या ड्रायव्हर बायका वेळ अशीच मोजतात. घड्याळाकडे बघायला नजर रिकामी नसते. पहिलं कडवं झालं. आर्लिस हसत होता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्याचं हसू गेलं. गुडघा हळूहळू सरळ होत होता. त्याने सीटच्या कडेला हात रोवून आणखी जोर दिला.

“वर्लिन,” तो म्हणाला, “अरे, खाली काहीच नाहीये. पेडल फळीला टेकलं.”

ओलेटाने भजन तिथेच सोडलं. “झटक्यात दाबलं तर धरतं. धरून ठेवलं तर सुटतं. डोंगर उतरताना तू काय करतोस, वर्लिन? झटके मारतोस की धरून ठेवतोस?”

“खालच्या गियरमध्ये उतरतो. ब्रेक लागतोच कशाला?”

“आणि गियर निसटला तर?”

“मागच्या वर्षी निसटला होता!” वर्लिन भडकून म्हणाला. “गियर निसटला आणि पेडलही असंच खाली गेलं. काय झालं? मेलं का कुणी?”

बोलून गेल्यावर त्याला कळलं. आर्लिसने इंजिन बंद केलं. ओढ्याचा आवाज ऐकू आला.

मागच्या वर्षी मी त्या बाकावर होते. माझ्या भाचीचं तान्हं माझ्या मांडीवर होतं. उतारावर ट्रक अचानक सुसाट सुटला, फांद्या हौद्यावर आपटल्या, डबे गडगडले, बटाट्याच्या सॅलडचं पातेलं कुणाच्या तरी पायावर उलटलं. पोरं आनंदाने किंचाळली. वर्लिन हॉर्न वाजवत होता. फरशीवर पाण्याची भिंत उडाली, आम्ही नखशिखांत भिजलो, आणि पलीकडचा चढ लागल्यावर ट्रक आपोआप मंदावून थांबला. आम्हाला वाटलं त्याने मुद्दाम मजा केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या! वर अजून माणसं होती, ओलेटा त्यांत होती, भांडी आणि विळे गोळा करत. त्यांना वर्लिनने निरोप धाडला, दुसरी खेप नाही, हवा छान आहे, चालत या. ते चालत आले आणि संध्याकाळभर आम्ही सगळे वर्लिनला आळशी म्हणून चिडवत राहिलो. तोही हसत होता.

मला माझ्या भावाचा राग आला तो, हा निडर आहे म्हणून. भित्रा असता तर परवडला असता. भित्र्या माणसाने त्या दिवशी चाकं काढली असती. याने दुकानातून डबा आणला.

“माझी आई तुझ्या शेजारी बसली होती,” ओलेटा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला आवडलं नाही.

“हो.”

“मागे तुझी नातवंडं होती.”

“हो, ओलेटा.”

“आणि वर्षभर तू माझ्याशेजारी झोपलास.”

“तुझा दिवस नासवायचा नव्हता मला.”

“दिवस!” ती म्हणाली. “दिवस नासवायचा नव्हता!”

“मला माहीत होतं,” झोपाळ्यावरून डेल्फिया आजी म्हणाली.

सगळे वळले.

“तुला काय माहीत होतं, आई?”

“काहीतरी बिघडलंय ते. हा देवाचं नाव घेत होता. इतक्या मनापासून त्याने चर्चमध्येसुद्धा कधी घेतलेलं नाही.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला दया आली. शिवाय पोचलो ना.” तिने एक देठ कापला. “ओलेटा, मला उद्या वर जायचंय. पुढच्या वर्षी मी प्रवासी नसेन, सामान असेन. तेव्हा माझ्यावरून भांडू नका. मी बसते. मला काही झालं तर तिथूनच दोन हातांवर माझी जागा आहे, खर्च वाचेल.”

आर्लिसला हसू आलं. ओलेटाने बघितल्यावर ते गेलं.

वर्लिनला पळवाट सापडली. तो पायरीवर आला, टोपी काढली. “ऐक. पोरं नकोत. कुणीच नको. फक्त आजी आणि मी. पहिल्या गियरमध्ये जाईन, पहिल्याच गियरमध्ये उतरेन, रांगत. चालणारा माणूस पुढे निघून जाईल. आजींनी वर्षभर वाट बघितलीय. त्यांना खाली बसवून ठेवणार आहेस तू? हट्टापायी?”

“मला चालेल,” आजी म्हणाली.

“बघ! त्यांना चालेल!”

आता सगळे ओलेटाकडे बघू लागले. खरं सांगते, त्या क्षणी माझंही मन डळमळलं. रांगत न्यायचं, एकच म्हातारी, वर्षातला एकच दिवस. काय मोठंसं होईल? आमच्या घरात असंच होतं. पुरुष मूर्खपणा करतो, मग टोपी काढतो, आणि जी बाई नाही म्हणते ती दुष्ट ठरते. ओलेटा आईकडे बघत होती, तिच्या मांडीवरच्या फुलांकडे. तिचा ओठ एकदा हलला. मला वाटलं, झालं, विरघळली.

“रांगत,” ती म्हणाली. “पहिल्या गियरमध्ये.”

“शपथ घेतो.”

“तू वर्षभर गप्प राहिलास, वर्लिन. तुझ्या शपथेवर मी आता कोंबडीसुद्धा बसवणार नाही.”

ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात पाना होता आणि माझं पांढरं इनॅमलचं घमेलं, ज्यात मी सॅलड कालवणार होते. मी म्हटलं, “ओलेटा, ते—” तोवर ती ट्रकखाली सरकली. रविवारचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. दुपारी चर्चमध्ये जाऊन खुर्च्या मांडायच्या म्हणून तिने ते आधीच घातले होते.

“काय करतेस?” वर्लिन वाकून म्हणाला. “ओलेटा! नळी सोडू नकोस! अगं, गावातलं दुकान सोमवारपर्यंत बंद आहे! आणि जांभळं तेल मागवावं लागतं, आठवडा लागतो!”

“मला माहीत आहे किती लागतो.”

“तू माझा ट्रक मोडतेयस!”

“सोडतेय. मोडलास तू.”

पाना खटकन फिरला. घमेल्यात धार पडायला लागली, आधी जांभळी, मग मळकी, मग पिवळी. वर्लिन गुडघ्यांवर बसला होता. त्याचा हात दोनदा तिच्या बुटाकडे गेला आणि दोनदा परत आला. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला ओढून बाहेर काढायचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला असावा. धीर झाला नाही, हे बरं झालं. मी झाडू हातात घेतलेला होता.

“आजी, सांगा ना तिला,” तो म्हणाला.

“माझं ऐकत असती तर तुझ्याशी लग्न केलं असतं का?” डेल्फिया आजी म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते. तिने कातर खाली ठेवली आणि फुलं नुसतीच धरून बसली.

ओलेटा बाहेर आली. केसांत माती, हात कोपरापर्यंत तेलकट. घमेलं तिने वर्लिनच्या पायांशी ठेवलं, न सांडता. मग नळावर बराच वेळ हात धुतले, साबण लावून, नखं घासून. आम्ही एकेक करून तिच्या मागून स्वयंपाकघरात आलो, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचेना. आर्लिसने आजींना धरून आणलं. वर्लिन सर्वांत शेवटी आला आणि दाराशीच उभा राहिला. ओलेटाने टॉवेलला हात पुसले, टॉवेलची घडी केली.

“उद्या ट्रक नाही,” ती म्हणाली. “आईला या खुर्चीत बसवायचं. पुढचे पाय वर्लिनने धरायचे, मागचे आर्लिसने, फरशीवरून आणि डोंगरावरून, वरपर्यंत. दम लागला तर थांबायचं, खुर्ची जमिनीवर टेकवायची नाही. उतरतानाही तसंच. बाकीचे चालतील, ज्यांना चालवत नाही त्यांना तुम्ही दोघं दुसऱ्या खेपेला न्याल. जूनमध्ये शाळा बंद झाली की मी सहाही चाकं काढणार आणि आतलं सगळं रबर बदलणार. त्यानंतर मागे माणूस बसलं असेल तेव्हा तो ट्रक मी चालवीन, दुसरं कुणी नाही. मॉडी, दुसरं पातेलं घे. जेवायला बसा.”